मधल्या मडक्याचा धनी कोण?

गंगाखेड तालुक्यातल्या शेतकऱ्याला महाभूलेखवर आपला सातबारा पाहायचा असला की वाट ठरलेली असते. आधी विभाग छत्रपती संभाजीनगर, मग जिल्हा परभणी, मग तालुका गंगाखेड, मग गाव आणि सगळ्यात शेवटी गट क्रमांक. एकावर एक रचलेल्या मडक्यांना आपल्याकडे उतरंड म्हणतात आणि कारभाराच्या अशा रचनेलाही तोच शब्द चालतो. संगणकातली फोल्डरांची रचना हीसुद्धा उतरंडच. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर आणि शेवटी कुठेतरी आपल्याला हवी ती फाइल. एका संगणकावर अशी उतरंड हाताने रचणे पाच मिनिटांचे काम आहे. तीच उतरंड दहा संगणकांवर, शंभर गावांसाठी, दर वेळी तंतोतंत सारखी उभी करायची असेल तर मात्र ते काम यंत्राकडे सोपवावे लागते. पपेट, शेफ, सॉल्ट, ॲन्सिबल ही त्यासाठीची साधने. वरवर पाहता यात समजून घेण्यासारखे फारसे काही नाही, कारण फोल्डर करणे हे संगणकावरचे सर्वांत साधे काम. तरीही एका साध्या प्रश्नावर या साधनांचे आपसात जमत नाही. शेवटचे फोल्डर मी मागितले आणि ते कोणाचे हेही सांगितले. पण तिथवर पोचण्यासाठी वाटेत जी फोल्डरे करावी लागली, ती कोणाची? या प्रश्नाचे उत्तर साधनावर सोडू नये, प्रत्येक पायरीचा धनी आपण स्वतः लिहून द्यावा, असे या लेखाचे म्हणणे आहे.

महसुलाच्या कायद्याने हा धडा या साधनांच्या आधीच गिरवला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ३ मध्ये राज्याचे विभाग, विभागात जिल्हे, जिल्ह्यात उपविभाग, उपविभागात तालुके आणि तालुक्यात गावे अशी मांडणी आहे. त्याखालची बारीक वीण कलम ४ जिल्हाधिकाऱ्यावर सोपवते. कोणती गावे मिळून तलाठ्याचा एक सज्जा आणि कोणते सज्जे मिळून एक मंडळ, हे तो आदेश काढून ठरवतो. पुढे हद्द बदलतो, सज्जा मोडतोही. यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की आदेशात कामाची कृती नसते, रचना कशी असावी एवढेच असते. दुसरी, आणि आपल्या विषयासाठी अधिक मोलाची, अशी की प्रत्येक पायरीला नेमका एक अधिकारी आहे. विभागाला आयुक्त, जिल्ह्याला जिल्हाधिकारी, उपविभागाला उपविभागीय अधिकारी, तालुक्याला तहसीलदार, मंडळाला मंडळ अधिकारी, सज्जाला तलाठी. निव्वळ वाटेतला थांबा म्हणून एकही पायरी ठेवलेली नाही. राणीसावरगावचे किंवा महातपुरीचे मंडळ हे गंगाखेडहून खेड्याकडे जाताना लागणारे नुसते नाव नव्हे. फेरफाराची नोंद तलाठी धरतो आणि ती मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. मधला माणूस नेमायचा राहिला तर खालचे काम तिथेच अडून बसते.

संगणकातल्या फोल्डराची गोष्ट याहून वेगळी नाही. फोल्डरात फोल्डर ठेवण्याची कल्पना मल्टिक्स या प्रणालीच्या आखणीतून आली, आर. सी. डेली आणि पी. जी. न्यूमन यांनी १९६५ मध्ये तिची मांडणी केली आणि पुढे युनिक्स व लिनक्सने ती उचलली. लिनक्समध्ये प्रत्येक फोल्डराला एक मालक आणि एक गट असतो, आणि मालक, गट व इतर या तिघांसाठी तीन-तीन परवानग्या असतात. पहिली आत काय आहे त्याची यादी वाचण्याची. दुसरी आत नवे काही ठेवण्याची, असलेले काढण्याची किंवा त्याचे नाव बदलण्याची. तिसरी ते फोल्डर ओलांडून आत जाण्याची. ही तिसरी परवानगी नवख्याच्या ध्यानात येत नाही आणि सगळा घोळ तिथेच होतो. सहा पायऱ्या खाली असलेली फाइल सर्वांना वाचायला खुली असली, तरी वरच्या पाचांपैकी एक फोल्डर ओलांडू देत नसेल तर ती फाइल असून नसल्यासारखी. उलट बाजूही तितकीच खरी. तालुक्याच्या फोल्डरात लिहिण्याची परवानगी ज्याला आहे, तो त्यातल्या गावाच्या फोल्डराचे नाव बदलू शकतो. गावाचे फोल्डर त्याच्या मालकीचे नसले तरी, आणि आत डोकावण्याचीही त्याला मुभा नसली तरी. अपवाद एकच, वरच्या फोल्डरावर स्टिकी बिट नावाची खूण लावलेली असेल तर. म्हणजे शेवटच्या फोल्डराची सुरक्षितता त्याच्या स्वतःच्या परवानग्यांवर जेवढी, तेवढीच वरच्या प्रत्येक पायरीच्या परवानग्यांवर ठरते. मधली पायरी कोणाची, या प्रश्नाला वजन येते ते इथे.

आता ही उतरंड रचायची कशी ते पाहू. लिनक्सचा गाभा एका हुकमासरशी एकच फोल्डर करतो. वरचे फोल्डर नसेल तर तो सरळ नकार देतो. हा अडसर नको म्हणून मेकडिर या आज्ञेला पी ही खूण जोडतात, मग वाटेतली जी फोल्डरे नसतील ती आज्ञा स्वतःच करून टाकते. संगणकावर काम करणाऱ्या बहुतेकांना ही खूण पाठ असते आणि ती सोयीची आहेच. पण तिच्या दोन सवयी पाहून ठेवायला हव्यात. आज्ञेसोबत परवानगी सांगितली तर ती फक्त शेवटच्या फोल्डराला लागते. मधल्या फोल्डरांना यंत्राची त्या वेळची नेहमीची परवानगी मिळते, आणि ती यंत्रागणिक वेगळी असू शकते. दुसरी सवय अधिक फसवी आहे. फोल्डर आधीपासून असेल तर ही आज्ञा गप्प राहते आणि काम फत्ते झाल्याचे कळवते. ते फोल्डर चुकीच्या माणसाच्या नावावर आहे का, साऱ्या जगाला उघडे आहे का, हे ती पाहतही नाही. फोल्डर आहे एवढ्यावर तिचे समाधान. कोतवालाने दवंडी दिली आणि पंचनामा झाला असे धरून चालावे, तसा हा प्रकार.

स्वयंचलनाची साधने या दुसऱ्या सवयीवरचा उतारा म्हणून पुढे आली. ओस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफइंजिन लिहिले. लूक कॅनीस यांचे पपेट २००५ मध्ये आले, शेफ २००९ मध्ये, टॉमस हॅच यांचे सॉल्ट २०११ मध्ये आणि मायकेल डीहान यांचे ॲन्सिबल २०१२ मध्ये. या सगळ्यांच्या मुळाशी विचार एक आहे. यंत्राला काय कर ते सांगू नका, शेवटी काय असायला हवे ते सांगा. अमुक जागी फोल्डर असावे, मालक अमुक, गट तमुक, परवानगी ही. साधन आधी प्रत्यक्ष स्थिती पाहते, लिहिलेल्याशी ताडून घेते आणि तफावत असेल तेवढीच दुरुस्त करते. सगळे जागेवर असेल तर कशालाही हात लावत नाही. म्हणून तोच मजकूर एकदा चालवा की दहादा, फळ एकच. ॲन्सिबल प्रत्येक ओळीपुढे बदल झाला की सगळे ठीक होते ते सांगते. दुसऱ्यांदा चालवल्यावर एकही बदल दिसला नाही, तर यंत्र आणि कागद जुळले असे समजावे. जिल्हाधिकाऱ्याच्या आदेशाशी या पद्धतीचे नाते उघड आहे. आदेशात रचना असते, आणि ती प्रत्यक्षात आहे की नाही हे तपासता येते.

मात्र या चोख विचाराला मधल्या पायऱ्यांपाशी तडा जातो. पपेटला सहा पायऱ्यांखालचे फोल्डर मागा आणि वरची पाच लिहू नका. ते वरचे फोल्डर नाही म्हणून तक्रार करून थांबते. तुम्ही प्रत्येक पायरी लिहिली असेल तर कोणती आधी करायची हे ते स्वतः ओळखते, पण न लिहिलेली पायरी करत नाही. शेफला खालपर्यंत सगळी फोल्डरे कर असे सांगता येते. मात्र दिलेला मालक, गट आणि परवानगी फक्त शेवटच्या फोल्डराला मिळते, मधली फोल्डरे ज्याच्या नावाने साधन चालते त्याच्या, म्हणजे बहुधा यंत्राच्या मुख्य प्रशासकाच्या नावावर पडतात. सॉल्टमध्ये वरची फोल्डरे करायची की नाही हे वेगळे सांगावे लागते, न सांगितल्यास काम फसते. ॲन्सिबल न विचारताच मधली फोल्डरे करते, आणि १.७ आवृत्तीपासून शेवटच्या फोल्डरासाठी दिलेल्याच परवानग्या त्यांनाही लावते. म्हणजे एक साधन नकार देते, दुसरे प्रशासकाच्या नावावर टाकते, तिसरे परवानगी मागते आणि चौथे खालच्या माणसालाच वरचा मालक करते. अनुभवी माणसांनी विचारपूर्वक केलेल्या साधनांत एवढा फरक पडतो, तेव्हा दोष एखाद्या साधनाचा नसतो. प्रश्नच असा आहे की त्याचे तटस्थ उत्तर नाही. उत्तर द्यायला त्या कार्यालयाची माहिती लागते, आणि ती साधनाकडे नसते.

हे जवळून पाहायचे तर एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्यातले जुने फेरफार स्कॅन करून ठेवायचे आहेत. उतरंड अशी: अभिलेख, त्यात गंगाखेड, त्यात राणीसावरगाव मंडळ, त्यात सज्जा, त्यात गाव, त्यात फेरफार. शेवटचे फोल्डर त्या सज्जाच्या तलाठ्याचे आणि दुसऱ्या कुणालाही बंद, म्हणजे परवानगी ७००. ॲन्सिबलला एवढी एकच ओळ दिली. ज्या यंत्रावर अभिलेख, गंगाखेड आणि मंडळ ही फोल्डरे आधीपासून होती, तिथे ती जशीच्या तशी राहिली आणि खालची तीन तलाठ्याच्या नावावर झाली. ज्या यंत्रावर काहीच नव्हते, तिथे सर्वांत वरच्या अभिलेखापासून सगळी फोल्डरे एकाच तलाठ्याच्या मालकीची झाली आणि बाकी सर्वांना बंद. आता महातपुरीच्या तलाठ्याला आपल्या फोल्डरापर्यंत जाताच येणार नाही, कारण तालुक्याचे फोल्डर राणीसावरगावच्या तलाठ्याने कुलूप लावल्यासारखे झाले आहे. मजकूर एकच, साधन एकच, तरीही दोन यंत्रांवर दोन निकाल. जिथून सुरुवात केली त्यावर शेवट अवलंबून राहू नये यासाठी तर हा सगळा खटाटोप होता. सहाही पायऱ्या स्वतंत्र ओळींत लिहिल्या, अभिलेख आणि गंगाखेड या फोल्डरांचा मालक वेगळा ठेवून त्यांना ७११ दिले, म्हणजे कुणालाही ओलांडता यावे पण आतली यादी वाचता येऊ नये, तर दोन्ही यंत्रांवर निकाल एकच येतो. पाच ओळी जास्त लागल्या आणि खुलासा कायमचा झाला.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल: शंभर गावे धरली आणि गाव नमुना १ ते २१ साठी वेगवेगळी फोल्डरे करायची म्हटली तर एकवीसशे फोल्डरे होतात, ती सगळी ओळीओळीने कोण लिहीत बसणार? आक्षेप रास्त आहे, पण तो हाताने लिहिण्याला लागू पडतो, स्पष्टपणे लिहिण्याला नाही. या साधनांत यादी आणि कृती वेगळी ठेवता येते. एका फाइलीत मंडळे, सज्जे आणि गावे यांची यादी. दुसरीकडे चार ओळींचा नियम की यादीतल्या प्रत्येक मंडळासाठी असा मालक, प्रत्येक सज्जासाठी तसा. गावांची यादी आणि नमुन्यांची यादी यांचा गुणाकार साधन स्वतः करते. क्रमाचीही चिंता नको: पूर्ण वाटा अकारविल्हे लावल्या की वरचे फोल्डर आपोआप आधी येते, कारण छोटे नाव त्याच नावाने सुरू होणाऱ्या मोठ्या नावाच्या पुढे लागते. यादी कुणाही लिपिकाला वाचता येते, तपासता येते. एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. परवानगीचे आकडे अष्टमान पद्धतीतले असतात. ॲन्सिबलमध्ये ७५५ हा आकडा अवतरणचिन्हांत न घालता आणि पुढे शून्य न देता लिहिला, तर साधन तो आपला नेहमीचा दशमान आकडा समजते, आणि त्याचे अष्टमान रूप होते १३६३. मग मालकाला आपल्याच फोल्डराची यादी वाचता येत नाही, गटाला यादी वाचता येते पण ओलांडता येत नाही, आणि परक्याला आत जाऊन लिहिता येते. एका शून्याने धनी उपरा आणि उपरा धनी होतो. एकवीसशे फोल्डरांवर हे एका क्षणात होते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. एवढ्या पायऱ्या हव्यात कशाला? सगळ्या फाइली एका जागी ठेवा, नावात संकेतांक घाला, शोध घेतला की हवी ती सापडते. महाभूलेखसारख्या सेवेतही विभाग, जिल्हा, तालुका हे पडद्यावरचे रूप आहे. आत माहिती कोष्टकांत राहू शकते. या म्हणण्यात बरेच तथ्य आहे आणि ते निम्मे मान्य करायला हवे. निव्वळ वर्गवारीची हौस म्हणून पायरी वाढवू नये. पायरी कधी असावी याची कसोटी एकच धरावी: जिथे अधिकार बदलतो किंवा जपणुकीची मुदत बदलते, तिथेच नवे फोल्डर. मंडळ आणि सज्जा इथे माणूस बदलतो, म्हणून पायरी हवी. सरकारी दप्तरात कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ वर्गातला कागद कायम जपायचा, ब वर्गातला ३० वर्षे, ड वर्गातला वर्षभराने निकाली काढायचा. इथे मुदत बदलते, म्हणून पायरी हवी. कार्यालयांतली सहा गठ्ठे पद्धतही हेच करते. प्रलंबित प्रकरणे वेगळ्या गठ्ठ्यात आणि नष्ट करायचे कागद वेगळ्या गठ्ठ्यात ठेवते, कारण त्यांचे पुढे होणारे काम वेगळे आहे. पण महिना, अनुक्रमांक, अर्जाचा प्रकार यांनी मालक बदलत नाही की मुदत बदलत नाही. ते फाइलीच्या नावात घालावे. ही कसोटी लावली तर वरच्या एकवीसशेतली बहुतेक फोल्डरे गळून पडतील. आणि जी उरतील त्यांतले प्रत्येक फोल्डर कोणाचे, हे विचारण्याचे कारण आपोआप सिद्ध झालेले असेल.

तिसरा आक्षेप इतिहासातून येतो. उतरंड पक्की लिहून ठेवली आणि उद्या तीच बदलली तर? मराठवाड्यात हे वारंवार झाले आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका परभणीतून तिकडे गेला. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाला आणि वसमत, कळमनुरी हेही परभणीतून सुटले. आजच्या परभणीतले नऊ तालुके मोजताना पालम, सोनपेठ, मानवत, पूर्णा ही नावे येतात, ती १९९१ च्या जनगणनेत तालुके म्हणून नव्हती. विभागाचे नावही बदलून छत्रपती संभाजीनगर झाले. इथे स्वयंचलनाची एक मोठी उणीव कबूल करायला हवी. यादीत नाव बदलले तर साधन फोल्डराचे नाव बदलत नाही. ते नव्या नावाचे रिकामे फोल्डर करते आणि जुने, भरलेले, जिथे होते तिथेच सोडते. यादीतून ओळ काढली म्हणजे फोल्डर जाते असेही नाही. ते नको, असे वेगळे लिहावे लागते. आणि ॲन्सिबलला नको असे लिहिले, तर ते आतल्या सगळ्या कागदांसकट फोल्डर उडवते, विचारत नाही. म्हणून जिल्हा फुटला, तालुका हलला, की आधी मजकूर हलवण्याचे काम माणसाने देखरेखीखाली करायचे, मग यादी बदलायची. पण या आक्षेपातून निघणारा खरा धडा यादी न लिहिण्याचा नसून, बदलणाऱ्या गोष्टी वाटेत न घालण्याचा आहे. गावाचे फोल्डर तालुक्याखाली ठेवा, पण जिल्ह्याचे आणि विभागाचे नाव वाटेत कशाला हवे? वसमतचे कागद वसमतच्याच फोल्डरात असते, तर १९९९ मध्ये वसमत कोणत्या जिल्ह्यात ही केवळ यादीतली एक दुरुस्ती ठरली असती.

नावाऐवजी संकेतांक वापरले की झाले, असेही सुचवले जाते. परभणी हे नाव शहराचे, तालुक्याचे आणि जिल्ह्याचेही आहे. गंगाखेड हे नाव शहराचे, तालुक्याचे आणि विधानसभा मतदारसंघाचे. त्यामुळे आकडा सोयीचा खरा. पण आकडेही चिरंजीव नसतात. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या २७ या क्रमांकाखाली परभणी १७ वा होता, २०११ मध्ये देशभराच्या सलग क्रमांकांत तो ५१३ झाला. म्हणून कोणत्या यादीतला आकडा, हेही लिहून ठेवावे. मराठी नावे ठेवायची तर वेगळी काळजी घ्यावी लागते. लिनक्सच्या नेहमीच्या व्यवस्थेत फोल्डराच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. गंगाखेड या शब्दात काना, मात्रा, अनुस्वार धरून सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट. राणीसावरगावात अकरा, म्हणजे ३३. लांबलचक शासकीय शीर्षक नावात घातले तर ८५ चिन्हांत मर्यादा संपते. याहून अवघड दुखणे शेतकऱ्यांच्या ऱ्या मध्ये आहे. हे अक्षर संगणकात एकापेक्षा अधिक प्रकारे लिहिता येते: एका कळफलकावर ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, दुसऱ्यावर साधा र आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ती दोन वेगळी नावे वाटतात. मग यादीतल्या एका टंकलेखनाने एक फोल्डर होते आणि माणसाने हाताने केलेले दुसरे. एका घरात एकाच नावाची दोन माणसे, आणि टपाल वाटले जाते अर्धे अर्धे. यादी एकच असली आणि फोल्डरे फक्त तिच्यातूनच होत असली, तर हा घोळ मुळातच होत नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. तालुक्याच्या गावात, दोन-चार संगणकांच्या कार्यालयात, एखाद्या शाळेत किंवा पतसंस्थेत हे परदेशी थाटाचे साधन कशाला? एकच यंत्र आणि एकच माणूस असेल तर नको, हे मोकळेपणाने सांगावे; तिथे मेकडिरची एक ओळ पुरते. पण यंत्रे दोन झाली, किंवा माणूस बदलला, की हिशेब बदलतो. ॲन्सिबलसाठी दुसऱ्या यंत्रावर वेगळा कार्यक्रम बसवावा लागत नाही. तिथे पायथन आणि सुरक्षित जोडणी असली की झाले, आणि ते वापरायला पैसे पडत नाहीत. खरी भीती खर्चाची नसून वेगाची आहे. हाताने केलेली चूक एका फोल्डरात राहते, यंत्राने केलेली शंभर गावांत पसरते. या भीतीला उत्तर साधनांतच आहे. पपेट आणि ॲन्सिबल दोन्ही काहीही न बदलता काय बदलेल एवढेच दाखवणारी तालीम करू देतात. ती तालीम वाचल्याशिवाय खरा प्रयोग लावू नये. वरच्या फोल्डरावरून खालच्या सगळ्यांची मालकी एका झटक्यात बदलणारी सोय शक्यतो वापरूच नये, कारण ती मधल्या प्रत्येक धन्याला एकाच वेळी बेदखल करते.

एकूण विचार केला तर साधनांच्या भांडणात पपेटचा नकार सर्वांत त्रासदायक आणि सर्वांत प्रामाणिक ठरतो. तो कामाच्या आधी विचारतो, बाकीच्यांपैकी काही कामानंतर कळवतात, काही कळवतही नाहीत. पण साधन कोणतेही घ्या, करायचे काम तेच आहे. कागदावर उतरंड काढा. प्रत्येक पायरीपुढे तीन रकाने ठेवा: मालक कोण, ओलांडता कोणाला येईल, लिहिता कोणाला येईल. ज्या पायरीपुढे हे तिन्ही रकाने वरच्या पायरीसारखेच भरले जातात आणि जपणुकीची मुदतही तीच राहते, ती पायरी खोडा. उरलेल्या यादीला साधनाच्या भाषेत उतरवायला दुपार पुरते. पुढच्या वेळी मेकडिरची ती सोयीची खूण हातात येईल तेव्हा एवढेच विचारावे: वाटेतली फोल्डरे कोणाच्या नावावर पडणार आहेत? उत्तर येत नसेल, तर ते फोल्डर करायची वेळ अजून आलेली नाही.